रविवारचा शुक्रवार

बाहेर लख्ख ऊन असेल तर माणसं घरातच असणार, हे आमचं दुबईत राहून कमावलेलं शहाणपण. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी करामातल्या आमच्या गल्लीत चिटपाखरू नसायचं. सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढलेले, एसी घुमतायत, आत कुणी जेवतंय, कुणी जेवून आडवं झालंय. कुणाला गाठायचं असेल तर शुक्रवारी दुपारी जावं, बेल वाजवावी, माणूस हमखास सापडतो. कळवून जायची पद्धत नव्हती. कळवून येणारा माणूस एकतर विमा विकायला यायचा, नाहीतर लग्नाची पत्रिका घेऊन. हेच शहाणपण पदराला बांधून आम्ही नॉर्वेला गेलो आणि तोंडावर आपटलो.

आम्ही गेलो होतो ह्यांच्या जुन्या साहेबांना भेटायला. हे म्हणजे माझे यजमान. दुबईतल्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात ते रंगकामाच्या विभागात सुपरवायझर होते. जहाज कोरड्या गोदीत आलं की त्याचं अंग खरवडायचं, धुवायचं, रंगवायचं आणि परत पाण्यात सोडायचं, हे काम. हाताखालची निम्मी मुलं रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडची, अल क्वोजच्या कामगारांच्या कॅम्पात राहणारी. साहेब मात्र नॉर्वेतल्या बर्गन नावाच्या बंदराचे. बायको वारलेली, मुलगी तिकडे शिकायला, आणि हा ताडमाड उंच गृहस्थ दुबईत एकटा डब्यातले मासे खाऊन दिवस काढत होता. हे ऐकल्यावर मी म्हटलं, "अहो, समुद्राकाठी राहून डब्यातले मासे? शुक्रवारी जेवायला घेऊन या त्यांना."

ते आले आणि मग येतच राहिले. नव्वदच्या दशकातले आमचे बहुतेक शुक्रवार साहेबांचे होते. तळलेली सुरमई, भात, सोलकढी. सोलकढीचे दोन पेले जेवणाआधी आणि एक जाताना दारात उभ्यानं. जमिनीवर बसायची हौस फार, पण पाय कुठे ठेवावेत ते कळायचं नाही, मग ते आमच्या सोफ्याखाली घालून बसायचे. यार्डातली कोकणातली मुलं मला ताई म्हणतात हे त्यांनी ऐकलं होतं, म्हणून तेही म्हणायचे, "ताई, व्हेरी गुड फिश." आमची मुलगी तेव्हा लहान होती. त्यांच्या खांद्यावर बसून ती छताच्या पंख्यापर्यंत हात पोचवायची आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायची.

मग ह्यांच्या विभागाच्या मॅनेजरची जागा रिकामी झाली. ती ह्यांनाच मिळणार असं यार्डातल्या चहावाल्यापर्यंत सगळे धरून चालले होते. कॅम्पातल्या मुलांनी तर पार्टी कुठे घ्यायची तेही ठरवलं होतं. मिळाली ती बाहेरून आलेल्या एका गोऱ्या तरुणाला. साहेब त्यावर ह्यांच्याशी एक अक्षरही बोलले नाहीत. हे घरी आले ते न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "शुक्रवारी साहेबांना बोलवायचं नाही."

"विचारा तरी त्यांना, काय झालं ते."

"काय विचारायचं? त्यांनी माझं नाव पुढे केलं असतं तर झालं नसतं? खलास. विषय संपला."

विषय संपला म्हणजे आमच्याकडे शुक्रवारी सुरमई आणणंच बंद झालं. मुलगी विचारायची, "अंकल इज नॉट कमिंग?" हे वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. दोनेक महिन्यांनी कळलं की साहेब नोकरी संपवून मायदेशी चाललेत. सेंड-ऑफला अख्खं यार्ड गेलं. हे गेले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी घरात बसून माझा मिक्सर उघडला आणि दुरुस्त केला. मिक्सर बिघडलेला नव्हता. ह्यांनी दुरुस्त केल्यानंतर बिघडला.

त्यानंतर दर नाताळाला साहेबांचं कार्ड यायचं. पाकिटाच्या मागे बर्गनचा पत्ता. हे त्याला हात लावायचे नाहीत, मी फोडून वाचायची आणि टीव्हीवर उभं करून ठेवायची. उत्तर मीच पाठवायची, तिघांच्या नावानं.

असा पाच-सहा वर्षांचा काळ गेला. मग यार्डाच्या ऑफिसातल्या एक गोव्याच्या बाई निवृत्त व्हायला निघाल्या. त्यांच्या निरोपाच्या चहाला हे गेले होते. तिथे जुन्या गोष्टी निघाल्या आणि बाई सहज म्हणाल्या, "अरे, तुम को नहीं मालूम? वो तुम्हारे लिए लड़ के गया." ती जागा ह्यांना द्यावी म्हणून साहेब वरपर्यंत दोनदा जाऊन भांडले होते. शेवटी म्हणाले होते, त्याला द्यायची नसेल तर माझं कॉन्ट्रॅक्टही वाढवू नका. कंपनीनं ते आनंदानं मान्य केलं. आणि ह्यांना सांगू नका, त्याला उगाच वाईट वाटेल, असंही साहेब त्या बाईंना बजावून गेले होते.

त्या दिवशी ह्यांची गाडी खाली पार्किंगला आलेली मला खिडकीतून दिसली, पण हे वर येईनात. शेवटी मीच खाली गेले. इंजिन बंद, काचा वर, भट्टीसारखी गाडी तापलेली, आणि हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले. वर आल्यावर सगळं सांगितलं. म्हणाले, "मला त्यांना सांगायचंय, की मी चुकलो."

"मग फोन करा की. आत्ता करा."

"फोनवर नाही. हे समोर बसून सांगायचं असतं."

ह्यांचं हे असं. आमच्या सासरी म्हणे माफी मागायची तर पायावर डोकं ठेवून, नाहीतर मागायचीच नाही. मधलं काही माहीतच नाही त्या घराला. मी बरंच डोकं आपटून पाहिलं, ह्यांनी फोन केला नाही.

मग एका सुट्टीच्या आधी हे ट्रॅव्हल एजंटकडून एक रंगीत पुस्तिका घेऊन आले. कोपनहेगनहून सुटणारी क्रूझ, नॉर्वेच्या किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारी, आणि त्यात एक दिवस बर्गन. त्या वर्षी गावी गेलो नाही म्हणून दोन्हीकडचे नातेवाईक रुसले. आम्ही आपली सगळ्यात स्वस्तातली, बिनखिडकीची केबिन घेतली. बर्गनचा दिवस कुठला येतो ते ह्यांनी कॅलेंडरवर पाहिलं आणि टेबलावर थाप मारली. "रविवार! रविवार म्हणजे त्यांचा शुक्रवार. साहेब घरी जेवायला बसलेले सापडणार."

दिरहमचे रुपये करावेत तसा आम्ही रविवारचा शुक्रवार करून टाकला. मलाही ते इतकं बरोबर वाटलं, की मी फक्त एवढंच म्हटलं, "तरी कळवू या का?"

"कळवलं आणि ते नको म्हणाले तर?" हे म्हणाले. त्यांच्या आवाजावरून मला कळलं की ह्यांना खरोखर भीती वाटतेय. मग मी साहेबांसाठी पातळ पोह्यांचा चिवडा करायला घेतला.

बर्गनला बोट लागली तेव्हा सकाळ होती आणि आभाळ इतकं निळं होतं की बोटीवरची नेहमी थंड चेहऱ्यानं वागणारी पोरगीसुद्धा हसून म्हणाली, "यू आर व्हेरी लकी. इथे असं ऊन कधीतरीच पडतं." बाकीचे प्रवासी छातीवर नंबराचे स्टिकर लावून टूरच्या बसमध्ये चढत होते. आम्ही स्वतंत्र जाणार म्हटल्यावर तिनं बजावलं, साडेचारच्या आत परत. टूरची बस अडकली तर बोट थांबते, तुमच्यासाठी थांबणार नाही. हे ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. मी ऐकलं.

गाव सुंदर होतं. धक्क्याला लागून लाल, पिवळ्या, पांढऱ्या लाकडी घरांची रांग, काही एकमेकांवर रेललेली, मध्ये दगडी फरशीचे बोळ, पुढे उघड्यावर मासळीबाजार. मी ज्या बाजारात शिरले की तासभर निघत नाही, तो बाजार म्हणजे मासळीचा. केशरी मासे, ताटाएवढे खेकडे, आणि विकणारी, हातमोजे घातलेली चकचकीत मुलं. मला भाव नुसता विचारायचा होता. ह्यांनी माझं कोपर धरलं. "यल्ला, चल. येताना बघू." येताना आम्ही बाजाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुकानं बंद होती. रस्त्यावर माणसं मात्र खूप, आणि सगळी एकाच दिशेनं. आजीआजोबा, पोरंबाळं, कुत्री, प्रत्येकाच्या पायात जाड बूट आणि पाठीवर पिशवी. सगळं गाव डोंगराकडे निघालेलं. मी म्हटलं, "वर कुठेतरी जत्रा दिसतेय." हे म्हणाले, "असेल." आणि आम्ही त्या सगळ्या गर्दीतून वाट काढत, शहाण्यासारखे, एका माणसाला त्याच्या घरी गाठायला निघालो.

रविवारची बस येईना, म्हणून नकाशा मुलीच्या हातात देऊन चालतच गेलो. चढ असा, की माझा दम छातीत मावेना. हे पुढे. मधूनच ओठ हलत होते. साहेबांना म्हणायची इंग्रजी वाक्यं पाठ करत होते. मध्येच मला विचारलं, "आय वॉज राँग म्हणू की आय डिड राँग?" मी म्हटलं, "काहीही म्हणा, पण आधी मला बसायला खुर्ची मागा."

घर सापडलं. पांढरं, लाकडी, दाराशी तीन पायऱ्या, पाटीवर साहेबांचं नाव. ह्यांनी शर्टाची कॉलर नीट केली आणि बेल दाबली. कुणी आलं नाही. परत दाबली. मग थाप मारली. मी खिडकीतून डोकावले, तर ओट्यावर धुतलेला एकच कप उपडा घातलेला. शेजारच्या अंगणात एक बाई फुलझाडांना पाणी घालत होत्या. आम्ही कोण, कुठले, ते मुलीनं त्यांना सांगितलं. त्या आमच्याकडे बघतच राहिल्या. "पण आज रविवार," त्या म्हणाल्या, "आणि असं ऊन! आज घरात कोण राहील? तो डोंगरावर गेलाय. येईल चार-साडेचारपर्यंत. कधी पाच."

"कुठला डोंगर?" ह्यांनी विचारलं.

बाईंनी हात लांब करून गोल फिरवला. गावाच्या चारी बाजूंना डोंगरच डोंगर होते. बिचाऱ्यांनी आत जाऊन साहेबांना फोनही लावला. बंद दाराआड तो वाजलेला आम्हाला बाहेर ऐकू आला.

आम्ही पायऱ्यांवर बसलो. घरून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या उरल्या होत्या त्या खाल्ल्या. ह्यांनी खाल्ल्या नाहीत. मुलगी म्हणाली, "बाबा, व्हाय डिडन्ट यू जस्ट कॉल हिम फ्रॉम दुबई?" हा प्रश्न मीही विचारू शकले असते, आणि माझ्या जिभेवर तो सकाळपासून होता, पण ह्यांचा चेहरा बघून मी उलट तिलाच दटावलं. उन्हात बसून तिचे गाल लाल झाले होते. शेजारच्या बाईंनी कॉफी आणून दिली. बोळातून कुणाच्याही पावलांचा आवाज आला की हे उठून उभे राहायचे.

निघायची वेळ होत आली तसं मी म्हटलं, "अहो, चिठ्ठी लिहा. जे म्हणायचंय ते सगळं लिहा." पर्समधलं पेन दिलं. ह्यांनी नकाशाच्या कडेला 'डिअर सर' लिहिलं, बराच वेळ त्याकडे बघितलं, आणि पेन परत दिलं. "हे दारात टाकून जायचं नसतं गं." मी चिवड्याचा डबा दाराला टेकवून ठेवला. नकाशा ह्यांनी घडी करून खिशात घातला.

"तुम्ही दोघी व्हा पुढे," हे म्हणाले. "मी येतो मागून."

"मागून कुठे येता? बोट सुटली तर? पासपोर्ट बोटीवर आहेत."

आखातात राहणाऱ्या माणसाला आपला पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायची सवय असते. पण निदान ते कपाट तरी जागेवर असतं. हे कपाट साडेचारनंतर पाण्यावरून निघून जाणार होतं. मी ह्यांचा दंड धरला आणि उठवलं. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. मुलीला घेऊन परमुलखात मी काय करणार होते? तरीसुद्धा तो दंड धरल्याचं मला फार वाईट वाटतं, दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

उतरताना डोंगरावरची माणसं परत यायला लागली होती. प्रत्येक बोळातून घोळके खाली येत होते, घामेजलेले, हसणारे. त्या गावात उंच म्हाताऱ्यांना तोटा नाही. हे प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत चालत होते, आणि काही जण हसून मान डोलवत होते.

बोटीत शिरल्यावर मुलगी पोहायच्या तलावाकडे पळाली. हे केबिनमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. वर बँड वाजत होता, सगळे प्रवासी गावाचा निरोप घ्यायला डेकवर गेले होते. मी ह्यांच्या पायाशी बसून राहिले. जमीन थरथरली, त्यावरून बोट सुटल्याचं कळलं.

दुबईला परतल्यावर आठवडाभरात फोन आला. मुलीनं स्पीकर लावला. "ताई, द चिवडा इज फिनिश्ड." साहेबांचा आवाज ओळखून मला एकदम रडूच आलं. आम्ही निघाल्यावर थोड्याच वेळात ते घरी पोचले होते. दाराशी डबा. उघडून मूठभर तोंडात टाकला आणि कोण आलं होतं ते कळलं. शेजारच्या बाईंनी बोटीचं सांगितलं, तसेच गाडी घेऊन बंदरावर गेले. बोट नुकतीच धक्क्यापासून सुटली होती. "मी तिथे उभा राहून हात हलवत होतो," ते म्हणाले. "डेकवरच्या सगळ्या माणसांनी मला हात केले. तुम्ही तिघं मात्र दिसला नाहीत. आय थॉट, ही इज स्टिल अँग्री विथ मी."

हे फोनजवळ उभे होते. मी खुणा करत होते, बोला, आता तरी बोला. "नो सर," हे म्हणाले. "नॉट अँग्री." आणि मग, "नेक्स्ट इयर, सर. इन्शाल्ला. आय विल कम अँड टेल यू."

"टेल मी व्हॉट?"

"देन, सर. नेक्स्ट इयर."

फोन ठेवल्यावर मी ह्यांच्यावर इतकी चिडले की दोन दिवस धड बोलले नाही. मग तोही राग विरला. हे मात्र खुशीत होते. पुढच्या उन्हाळ्यासाठी आतापासून पैसे आणि रजा बाजूला ठेवायची भाषा करत होते, आणि गावात मुक्काम चार दिवसांचा करायचा म्हणत होते, बोटीचा भरवसा नको.

पुढच्या उन्हाळ्यात यार्डात जहाजांची रांग लागली आणि ह्यांची रजा नामंजूर झाली. पुढच्या वर्षी नक्की, असं म्हणालो. येणार नाही म्हणून साहेबांना काही कळवलं नाही. येतोय म्हणून कधी कळवायची सवय नव्हती, तिथे येत नाही म्हणून कोण कळवणार?

त्या हिवाळ्यात साहेब गेले. झोपेतच. त्यांच्या मुलीनं आमचा नंबर शोधून फोन केला. ह्यांनीच उचलला. मी ह्यांच्या कानाला कान लावून उभी राहिले. ती शांतपणे सगळं सांगत होती. तुमच्याकडच्या जेवणाबद्दल बाबा खूप बोलायचे, म्हणाली. मग म्हणाली, "या उन्हाळ्यात तर ते रविवारी घरातून हललेच नाहीत. कितीही छान ऊन असो. मी म्हणायचे, चला ना वर. तर म्हणायचे, नको, माझी दुबईची माणसं यायची आहेत. ती रविवारी येतात आणि सांगून येत नाहीत."

मी सोफ्यावर बसले. हे उभेच होते. मग ह्यांनी घसा खाकरला आणि बर्गनच्या चढावर पाठ केलेली ती इंग्रजी वाक्यं त्या मुलीला सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली, आणि पुढे आवाज फुटेना. ती तिकडून विचारत होती, "हॅलो? आर यू देअर? हॅलो?"